विचारून घेतलेलं बरं

"...आणि हे प्रभू, तुझा सेवक लिबोरियो राईन याच्या आत्म्याला सार्वकालिक विश्रांती दे," फिस्कालबाबा खणखणीत आवाजात म्हणाले, आणि तिसऱ्या बाकावरचा लिबोरियो राईन ताडकन उठून उभा राहिला.

"अहो बाबा, मी आहे अजून!"

सगळं चर्च फिस्सकन हसलं. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू? हसली नाही ती सुनिल्दा. गेला होता तिचा नवरा ओर्तेन्सियो, आणि त्याच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेतला हा शेवटचा दिवस होता. बाहेर मेंढी शिजत होती, मिल्कावची, म्हणजे बटाट्याच्या भाकऱ्यांची, चळत तयार होती, तीन बेटांवरून माणसं होड्या करून आली होती.

"नववा दिवस दुसऱ्याच्याच नावावर गेला," ती रडत म्हणाली. "आता माझ्या माणसानं जायचं कुठं?"

तिकडे लिबोरियोची बायको भराभरा छातीवर क्रूस काढत होती. जिवंत माणसासाठी अशी प्रार्थना झाली की तो वर्ष काढत नाही, असं आमच्याकडे मानतात.

आमच्या बेटावर पाद्री वर्षातून एकदा, सणाला, होडीनं येतो. बाकी वर्षभर बाप्तिस्मा असो की माती, सगळं फिस्काल बघतो. हे बाबा, एलेउतेरियो चिग्वाय, एकेचाळीस वर्षं फिस्काल होते. धंदा होड्या बांधायचा, अक्षरओळख सहीपुरती. प्रार्थना मात्र बापाकडून आलेल्या, सगळ्या तोंडपाठ. कुणाचं भांडण झालं तरी लोक त्यांच्याकडेच जायचे. "शहाणा माणूस," म्हणायचे. मी इथली शाळामास्तरीण, मला भारी उत्सुकता, की हे शहाणपण येतं कुठून? कारण म्हातारा कुणालाच सल्ला म्हणून द्यायचा नाही. "मला नाही बुवा माहीत, थांब, विचारून येतो," म्हणायचा आणि आधी दुसऱ्या बाजूच्या घरी जायचा, मग रिकाम्या चर्चमध्ये अर्धा तास बसायचा. एकदा न राहवून मी विचारलंच, "आत बसून करता काय हो?"

"विचारतो, की माझं कुठं चुकतंय."

"आणि देव सांगतो?"

"सांगतो की! रोज काहीतरी निघतंच," म्हातारा हसून म्हणाला होता.

त्या दिवशी मात्र ते वेदीपाशी टोपी चुरगळत उभे होते. मला राहवेना. मी पुढे होऊन कुजबुजले, "म्हणा ना, जिवंतांसाठीही प्रार्थना करायची असते म्हणून. कोण विचारतंय?"

"बाई, ती हुशारी झाली," ते म्हणाले, आणि लोकांकडे वळले. "हिवाळ्यापासून नावं निसटतायत माझ्या हातून. मी देवाला रोज म्हणत होतो, कुणाला कळू देऊ नकोस. तिथंच चुकलो. देवाच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. सुनिल्दा, पोरी, उद्यापासून पुन्हा नऊ दिवस करू. मेंढी नको, काही नको. मी येतो, एवढंच."

"आणि परत चुकलात तर?" लिबोरियो ओरडला. "या खेपेला कुणाला मारणार?"

लिबोरियोला फिस्काल व्हायचं होतं हे उभ्या बेटाला ठाऊक होतं. शहरात जाऊन त्यानं धर्मशिक्षणाचा वर्ग केला होता, प्रमाणपत्र चौकटीत लावलं होतं. "पोपटपंची म्हणजे धर्म नव्हे," असं तो बाबांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबा टोपी हातात घेऊन लिबोरियोच्याच दारात उभे. आमच्याकडे अख्खं लाकडी घर ओढून दुसऱ्या जागी न्यायचं असलं, की शेजाऱ्यांच्या दारी असं साकडं घालायला जातात. पन्नास माणसं नि बैल लागतात, म्हणून दारात आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. पण हे घर थोडंच ओढायचं होतं? मी अंडी मागायचं निमित्त काढून कुंपणापाशी गेले.

"साकडं घालायला आलोय," बाबा म्हणाले. "काल तुझं नाव चुकून घेतलं, त्याची माफी. आणि आजपासून माझ्या शेजारी उभा राहा. नाव तू सांग, मी म्हणेन. पुढं प्रार्थनाही जातील, तेव्हा तू म्हण."

"मी?" लिबोरियोचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मी तुम्हाला इतकं बोललो, ते विसरलात काय?"

"नाही रे, ते बरं लक्षात आहे!"

लिबोरियो हसला नाही. तो आत जाऊन माते या कडू चहाचा पेला घेऊन आला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

नऊ दिवस तो शेजारी उभा राहिला. मोठ्यानं बोलायची सवय असलेला माणूस, पण नाव सांगायचा ते बाबांच्या कानाशी वाकून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं. नवव्या दिवशी "तुझा सेवक ओर्तेन्सियो" हे शब्द नीट आले आणि सुनिल्दानं डोळे पुसले. नको म्हटलं तरी तिनं मिल्काव केलेच होते; पहिलं ताट तिनं लिबोरियोला दिलं. चर्चची किल्ली बाबांनी त्याच संध्याकाळी, त्यानं मागितली नसताना, त्याच्या हातावर ठेवली. आणि ते एकटेच घराकडे निघाले.

याला आता तीन वर्षं झाली. लिबोरियो ठणठणीत आहे. बाबांचं मात्र नावांमागून बाकीचंही गेलं, माझी ओळखसुद्धा. पण रविवारी त्यांना कुणीतरी आणून शेवटच्या बाकावर बसवतं. परवा प्रार्थना संपल्यावर ते काठी टेकत वेदीपर्यंत गेले.

"छान म्हणतोस रे," ते लिबोरियोला म्हणाले. "कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की, बाबा," लिबोरियो म्हणाला.

"मी?" म्हातारा काळजीत पडला. त्याचा हात हातात घेऊन हळूच म्हणाला, "मग एकदा कुणाला तरी विचारून घे हं. माझं चुकतं कधीकधी."