गास्परची पाठ

"पकडलं की नाही!" मी कुंपणाबाहेरूनच ओरडलो. "पाठ धरली म्हणून अंथरुणाला खिळलेला माणूस अंगणात धुणं धुतोय! लाज नाही वाटत रे, गास्पर?"

गास्पर हुदाक टबावर वाकला होता तसाच थांबला. खाणीतला तगडा गडी, कोपरापर्यंत हात साबणात.

मला भयंकर संताप आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या कोळशाच्या गावात आम्हा स्लोवाक खाणवाल्यांना भाऊबंद मंडळाशिवाय होतं कोण? भाऊ आजारी पडला की मंडळ त्याचं घर चालवायचं, मेला की बँड लावून, झेंडा धरून पोहोचवायचं. पण सोंग सापडलं की नाव कटाप. मग उद्या अंगावर छत कोसळलं तर तुझी माती तू बघ! खाटकाच्या बायकोने गास्परला पाणी भरताना पाहिलं, आणि आमचे अध्यक्ष, गुत्तेवाले पावोल भाऊ, यांनी मला पिटाळलं. आजाऱ्यांची पाहणी माझ्याकडेच होती.

"बोल की! दुखत नाही ना पाठ?"

"नाही. कधीच दुखली नव्हती. जरा हळू बोल."

"का म्हणून हळू बोलू? गावाला कळू दे..."

"इमरो, ती गेली रे. पहाटे."

मला काही उमगेचना. कोण गेली? मग त्याच्या हातातलं धुणं दिसलं. बायकी पोलकं होतं, कशिदा काढलेलं, लग्नातलं.

"हे घालायचंय तिला," तो म्हणाला.

आत गेलो. वेरोना वहिनी! मंडळातल्या प्रत्येक मयतीनंतर कोबीचं सूप वाढताना "घ्या हो इमरो भावजी, लाजताय काय, सासरी आलात का?" म्हणून चिडवणारी बाई. पलंगावर मूठभर उरली होती. अरे देवा, आणि मी बाहेर केवढ्याने ओरडलो!

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगून? मंडळात बायका नाहीत, बायकोच्या आजारपणाला पैसा मिळत नाही. मी खाणीत उतरलो असतो तर तिच्या तोंडात पाणी कोणी घातलं असतं? म्हटलं, आजारी मीच." तो पलंगाशी खाली बसला. "जा, सांग पावोलला."

"ऊठ आधी," म्हणत मी हात दिला. त्याने गुडघ्यावर जोर देऊन पाहिला. परत खाली बसला. मग मीही त्याच्याशेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी संत बार्बराचा सण होता. ती खाणवाल्यांची राखणदार. सगळे भाऊ छातीवर मंडळाचे कापडी बिल्ले लावून चर्चबाहेर जमले. बिल्ल्याची लाल बाजू सणाला, काळी बाजू फक्त भावाच्या मयतीला. सगळे बिल्ले वहिनीनेच शिवलेले. मी माझा काळा करून गेलो.

पावोल भाऊ दचकले. "अरे, कोण भाऊ गेला?"

"भाऊ नाही. वेरोना वहिनी."

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग सावरून म्हणाले, "वाईट झालं. पण नियम ठाऊक आहे ना तुला? लाल कर तो." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "बरं, गास्परचं काय? पाठ खरी की सोंग?"

"खरी. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्याला उठता येत नव्हतं."

एवढ्यात चर्चचं दार उघडलं. शवपेटी खांद्यावर घेऊन गास्पर पुढे, ताठ चालत येत होता. मागे तिघे शेजारी. ना बँड, ना झेंडा. सगळे भाऊ आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग अध्यक्षांकडे बघायला लागले. आता संपलं, मला वाटलं.

पावोल भाऊंनी आपल्या बिल्ल्याला हात लावला. उलटा काही केला नाही. काढला आणि खिशात घातला. मग सरळ पुढे जाऊन पेटीखाली खांदा दिला.

"सरक, गास्पर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाठ दुखतेय ना तुझी."

गास्पर सरकला नाही. दोघे तसेच पायऱ्या उतरले.