समोरच्याचे शेवटचे दोन शब्द

प्राध्यापक पुष्पांजली पटले यांनी सत्तावीस वर्षं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला होता. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकमंडळ्यांत नटाला अख्खं नाटक मिळत नसे. हाती यायची एक पट्टी. तीवर त्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. बाकीचं कानांनी सांभाळायचं. कॉलेजात बाईंनी हा विषय काढला की स्टाफरूममधल्या लोकांना आपल्या डब्यातली भाजी एकाएकी फार आवडू लागे.

आता विलायतेच्या नियतकालिकानं त्यावरचा त्यांचा लेख परत धाडला होता. खरा नट घेऊन करून पाहिलंत का? सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर लेख रद्द.

रविवारी दुपारी बाई स्कूटीनं नागऱ्याला उमरावकडे गेल्या. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं दंडारीत, गावोगावच्या लोकनाट्यात, कामं केली होती. बाईंनी सत्तावीस वर्षांचा शोध सांगून त्याच्या हाती पट्टी दिली.

"हे शिकाले तुमाले एवढी सालं लागली?" उमरावनं पट्टी डोळ्यांजवळ धरली. "आमचा मास्तर असाच कागद देत होता. सारं नाटक देलं तर नट ते घेऊन दुसऱ्या पार्टीत पळते ना."

बाईंनी तेही वहीत लिहून घेतलं.

प्रयोग एकदाच होणार होता. दुसऱ्या खेपेला शब्द कधी येतात ते नटाला ठाऊक असतं. ओसरीवर दोघं समोरासमोर बसले. बाई राणी, उमराव निरोप्या. त्यानं "आता जा" ऐकलं की बोलायचं.

बाई वाचू लागल्या. उमराव पुढे झुकला. ते शब्द केव्हा येतील कोण जाणे, त्यामुळे एक अक्षर सोडायची सोय नव्हती. आई गेल्यापासून बाईंचं असं कानांत प्राण आणून कुणी ऐकलं नव्हतं.

राणीचं भाषण संपत आलं. बाईंनी कागद मांडीवर पालथा घातला आणि राणीच्याच आवाजात सांगितलं, की फुलचूरला आपल्या घरी दोन खुर्च्या आहेत, एकीवर पुस्तकं बसतात. कुकरची शिट्टी झाली की आपण "आले" म्हणतो.

उमरावची बायको सुभद्राबाई चहा घेऊन आली. त्यानं तिला हातानंच थोपवलं.

"म्याडम," तो हळूच म्हणाला, "हे राणीचं नोहे."

"नाही."

"लेख बिघडून राहिला तुमचा."

"बिघडला."

उमरावनं पट्टी पुन्हा नीट धरली. "माहे शब्द अजून आले नाही. बोला तुमी."

मांडीवरचा कागद बाईंनी पालथाच ठेवला. "आता जा" हे दोन शब्द टाळून त्या बोलत राहिल्या.