एका वारसाची हरकत

रेणुकादासांनी पट्टी धरून ‘शेतजमीन’ हा शब्द खोडला आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘जीव’ असं लिहिलं. खोडलेल्या जागी सही केली, शिक्का मारला. शिक्का तिरपा पडला म्हणून शेजारी दुसरा मारला.

“काय करता बाई,” समोर बसलेल्या हुरमतबीला ते म्हणाले, “सौदीच्या कोर्टानं वारसांचे जबाब मागवले. आता ह्याचा नमुना आपल्या तहसिलीत कुठला? वारस फेरफाराचा फॉर्म त्यातल्या त्यात जवळचा.”

हुरमतबीला त्यात काही वावगं वाटलं नाही. दस्तगीर मेल्यापासून अठरा वर्षांत तिने याहून विचित्र कागद पाहिले होते.

दस्तगीर गवंडी रियाधच्या एका खोलीत मेला. खोलीत माणसं आठ, कूलर एक. त्याच्यासमोर कोणी झोपायचं यावरून दस्तगीरची आणि मौलालीची जुंपली. दोघं एकाच गावचे, एकाच विमानाने गेलेले. मौलालीने फरशी फोडायचा हातोडा उचलला. एक घाव कानावर, दोन टाळूवर. भिंतीवर छतापर्यंत रक्त उडालं. कूलरला काही झालं नाही.

मौलालीने गुन्हा लगेच कबूल केला. तिथल्या कायद्याने खुन्याचा जीव मागायचा की सोडायचा, हे मेलेल्याचे वारस ठरवतात. दस्तगीर एकुलता, आईबाप आधीच गेलेले. वारस दोघीच: बायको हुरमतबी आणि चार महिन्यांची नुजहत. तिथल्या कोर्टाचे काजीसाहेब म्हणाले, पोरगी सज्ञान होईपर्यंत थांबा. तेव्हापासून तलवार थांबली होती. मौलाली कोठडीत म्हातारा होत होता, नुजहत लातुरात सीईटीचा क्लास करत होती आणि हुरमतबी त्याच क्लासच्या मेसमध्ये रोज वीस किलो कांदा चिरत होती.

“आपल्याकडे बरं असतं,” रेणुकादास म्हणाले. “सरकार विरुद्ध मौलाली. मेलेल्याच्या बायकोला कोर्टात बसायला बाकडंसुद्धा मिळत नाही, विचारणं लांबच. तिथं विचारतात. वैताग आहे.”

“विचारा की मग.”

“तीन गोष्टी. जिवाला जीव, नाहीतर रक्ताचे पैसे, नाहीतर माफी. प्रत्येक वारसाला वेगळं बसवून विचारायचं, कोणी कोणाला दाबायला नको. आणि फेरफारात कसं, एका वारसानं हरकत घेतली की नोंद अडते? तसंच हे. दोघींपैकी एकीनं माफ केलं की संपलं. दुसरीनं कितीही खून मागू दे, तलवार खाली.”

“आन् दोघींनीबी खूनच मागितला तर?”

रेणुकादासांनी पट्टी स्वतःच्या मानेवर आडवी ठेवून दाखवली. दारातला शिपाई हसला. हुरमतबी हसली नाही हे पाहून तो पंख्याकडे बघू लागला.

“टपाल चारला निघतं,” पट्टी खाली ठेवत रेणुकादास म्हणाले. “त्याच्याआधी पालटायचं असेल तर पालटा. मागून मला म्हणू नका.”

काय सांगायचं याचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याची मय्यत परत आली नव्हती, तिकडेच पुरली होती. हाती होते ते तीन घाव. नुजहतला झोपवताना हुरमतबी तेच सांगायची. एक कानावर, दोन टाळूवर. पोरगी आकडे शिकली ती त्याच्यावरच. गावातली माणसं हुरमतबीला मान द्यायची. बाई असावी तर अशी, म्हणायची. नवऱ्याचं रक्त विकलं नाही.

एक गोष्ट मात्र तिने कोणालाच सांगितली नव्हती.

दस्तगीर मेला त्याच साली सप्टेंबरात भूकंप झाला. ती देवणीला माहेरी होती म्हणून वाचली. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर बसून ती गावात गेली आणि आपलं घर सोडून थेट मौलालीच्या गल्लीत शिरली. आपल्या वतीने अल्लाने उरकलेलं काम तिला डोळ्यांनी बघायचं होतं. बघितलं. मौलालीच्या म्हातारीचा, पाशाबीचा, हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दगडांतून वर आला होता. खाली सून. सुनेच्या खाली दोन लेकरं, एकमेकांना इतकी चिकटलेली की जवानांना ती सुटी करता येईनात. पहार घातली तेव्हा जो आवाज झाला, तो पुढे कांदा चिरताना तिला मधूनच ऐकू यायचा. घरात वाचला एकटा मौलाली, तोही खुनी म्हणून तुरुंगात होता म्हणून. त्याच्यासाठी पदर पसरायला आता कोणी उरलं नव्हतं.

“बोला बाई.”

“खून,” हुरमतबी म्हणाली, आणि अंगठा दिला.

बाहेर लिंबाखाली पोरगी बसली होती. प्रॅक्टिकलला बेडूक कापायची वेळ आली तेव्हा चक्कर येऊन पडलेली पोरगी. ती काय लिहिणार हे आईला ठाऊक होतं. गावात मानाने राहता येईल आणि तिकडे मौलालीची मानही शाबूत राहील, अशी सोय अल्लाने कायद्यातच करून ठेवली होती.

नुजहत आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. दोघी कचेरीसमोरच्या हॉटेलात बसल्या. चहा आला.

“तीनच पर्याय होते, अम्मी,” नुजहत म्हणाली. “आम्हाला सवय चारची.”

“मग? काय लिवलंस?”

“तुझंच.”

हुरमतबीने बशी खाली ठेवली.

“माझं कोंचं?”

“खून. लहानपणापासून दुसरं काय ऐकलं मी? मी माफी लिहिली असती तर गावात काय म्हणले असते, दोन बुकं शिकली आन् बापाला विसरली.” ती चहाकडे बघत होती. “आन् मला वाटलं, तू माफ करून आलीस.”

“म्या? कशावरून?”

“अब्बाची बरसी मे महिन्यात असते. तू दर साली सप्टेंबरात मलिदा करून फातेहा देतीस. मला सांगतीस अब्बाची म्हणून. मला तारखा कळतात, अम्मी.”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी चमचा आपटून भजी मागत होतं. रस्त्यापलीकडे कचेरीच्या दारात शिपाई टपालाची पिशवी खांद्याला लावून उभा होता आणि आरामात तंबाखू मळत होता. हॉटेलच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. ते घड्याळ बरोबर आहे की मागे, हे दोघींपैकी कोणीच विचारलं नाही.

हुरमतबी उठली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढून घेतला.

“डबा ऱ्हायला वाटतं कचेरीत,” ती म्हणाली. “तू बस. म्या आणते.”

नुजहतने खाली पाहिलं. मेसचा डबा तिच्या पायाशीच होता. तिने तो पायानेच बाकाखाली आत सरकवला.

“हाव,” ती म्हणाली. “पळ.”