हौदातली कबुली

पानपताची बातमी पुण्यात आली आणि गावाचा आवाजच गेला. त्या वर्षी शिमग्याला कसबा पेठेत होळी पेटली ती शास्त्रापुरती. बोंब कुणी मारली नाही. घरोघर आधीच आकांत चालला होता. तमाशाचे फड उठून गेले, लग्नं वाजंत्रीशिवाय लागली. मच्छिंद्र वस्तादांच्या तालमीतल्या हौदाची माती वाळून दगड झाली. त्या मातीत लोळलेली निम्मी पोरं उत्तरेतच राहिली होती. वस्तादांनी दाराला कडी घातली आणि सांगितलं, "पोरांची वर्षश्राद्धं होईपर्यंत इथं शड्डू वाजणार नाही."

सोनबा त्याच तालमीतला. गुडघा दुखावल्यामुळे तो मोहिमेवर गेला नव्हता. त्याच्या जागी धाकटा भाऊ संपत गेला, घरची घोडी घेऊन. शिमगा उलटल्यावर घोडी परत आली. तिच्यावर बसला होता जयसिंग, संपतचा तालमीतला जोडीदार.

"मावशी, भाला छातीत बसला," त्यानं सोनबाच्या आईला, मुक्ताबाईला सांगितलं. "'आई' म्हणाला आणि गेला. त्रास झाला नाही त्याला."

मुक्ताबाई घोडीच्या गळ्यात पडून रडली. मुठेच्या काठी गवताचा देह करून त्याला अग्नी दिला. तिरडीला खांदा द्यायला जयसिंग पुढे होता. सोनबानं घोडी त्यालाच देऊन टाकली. "शेवटी तू त्याच्याजवळ होतास," तो म्हणाला, "आम्हाला तेवढंच पुष्कळ."

उन्हाळा सरता सरता सोजरबाई आली. बिबवेवाडीची ही बाई भाकऱ्या थापायला लष्कराबरोबर गेली होती; चालत, मागत, वाटेत आजारी पडत परतली होती. मुक्ताबाई नदीवर गेली आहे एवढं बघून ती सोनबापुढं बसली.

"तुजा भाऊ मांडीला जखम हुती तरी घोडीवर हुता," ती म्हणाली. "त्यो जयसिंग पायी पळत हुता. त्यानं लगाम धरला आन् संपतला खाली वढला. पोरगं रिकीब सोडंना, तवा बोटांवर तलवारीची मूठ हाणली. म्या झुडपात हुते. समदं बगितलं."

"मग?"

"मग म्या पळाले, बाबा. जित्ता हुता त्यो. तुज्या नावानं वरडत हुता."

सोनबा उठला तो थेट कुऱ्हाड घेऊन. पण उंबऱ्यातच थांबला. जयसिंग आता एका सरदाराच्या पदरी होता, रणातून आलेला मर्द म्हणून पेठ त्याला मान देत होती. बोळात गाठून मारला तर तो शूर म्हणूनच मरेल. नाही. ते त्याच्याच तोंडून, सगळ्यांसमोर निघायला हवं. आणि ते काढायची एकच जागा सोनबाला ठाऊक होती.

आईला त्यानं काही सांगितलं नाही.

गावाचा जो सुतकीपणा त्याला आजवर बरा वाटत होता, तोच आता डोक्यात जाऊ लागला. न झालेली प्रत्येक कुस्ती म्हणजे जयसिंगला मिळालेली सवलत. नागपंचमीला तो वस्तादांकडे गेला. "एकच जोड लावा."

"तुला बरी करमणूक सुचते!" वस्ताद म्हणाले. "भावाच्या राखेवर नाचायचंय का?"

सोनबानं ते गिळलं. रोज पहाटे नदीकाठी जाऊन तो घाम गाळायचा. जयसिंग वाटेत भेटला की सोनबा त्याच्याशी हसायचा, त्याच्या घरी दूध प्यायचा, घोडीच्या पाठीवरून हात फिरवायचा. गुडघा सुधारला. हसणंही अंगवळणी पडलं.

वर्षश्राद्धं झाली आणि वस्तादांनी कडी काढली. हौद नव्यानं खणला, मातीत ताक, तेल, हळद कालवली. पहिल्या कुस्त्यांना गाव असं लोटलं, जणू वर्षभराचा उपाशी पंगतीला आला. हलगीवर टिपरी पडली तेव्हा कर्ती माणसं ढसाढसा रडली.

जयसिंगची जोड सोनबानं मागून घेतली. सलामी झडताच जयसिंगनं दुखऱ्या गुडघ्यालाच हात घातला. सोनबा एकदा कोसळला, तोंडात माती गेली. दुसऱ्यांदा मात्र त्यानं जयसिंगला खाली घेतलं, पाठीवर बसला आणि उजवा हात मागं पिरगाळला.

"चीत कर की!" लोक ओरडले.

सोनबा कानाशी वाकला. "घोडी कशी मिळाली?"

"संपत... मेल्यावर..."

हात आणखी वर गेला.

"मोठ्यानं बोल. वस्तादांना ऐकू येऊ दे."

"जिता होता!" जयसिंग किंचाळला. "ओढला मी त्याला! दोघं बसलो असतो तर दोघं मेलो असतो! जिता होता तो!"

हलगी थांबली. वस्ताद हौदात उतरले. "सोनबा, बोलला तो. आता सोड."

"संपत ओरडत होता, तेव्हा यानं नव्हतं सोडलं," सोनबा म्हणाला आणि जोर केला. कोपर निखळल्याचा आवाज भिंतीपर्यंत गेला. कुणी मध्ये पडलं नाही. वस्तादांनी पाठ फिरवली.

माती अंगावर तशीच घेऊन, जयसिंगनं तालमीबाहेर बांधलेल्या घोडीचा लगाम धरून सोनबा घराकडे निघाला. इतके महिने छातीत पेटलेलं काहीतरी शांत झालं होतं. पण बातमी त्याच्याआधी पोहोचली होती; सोजरबाईच ती घेऊन आली होती आणि स्वतः पाहिलेलं, सोनबाला सांगितलेलं सगळं बोलून गेली होती. मुक्ताबाई अंगणात उभी होती. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"जिता होता म्हणे माझा संपत."

"आई, जखमी होता, थंडीचे दिवस, शत्रू..."

"तू पाहिलंस? त्या सोजरनं मेलेला पाहिला?" तिचा आवाज चढला. "जित्या पोराचं श्राद्ध घातलंस! आणि ठाऊक असून मला बोलला नाहीस!"

त्या दिवसापासून मुक्ताबाई ताटात एक भाकरी जास्त वाढू लागली. उत्तरेकडून आलेला दिसेल त्या बैराग्याला, व्यापाऱ्याला थांबवून विचारू लागली. आणि सकाळचं आवरलं की जयसिंगच्या ओट्यावर जाऊन बसू लागली.

जयसिंगची नोकरी सुटली होती, हात वाळत चालला होता. त्याच्या बायकोनं म्हातारीला हाकलून पाहिलं, पाया पडून पाहिलं. मुक्ताबाई कधी शिवी देत नसे. शांतपणे विचारत असे, "अरे, कुठं टाकलास त्याला? झाड होतं का जवळ? पाणी मागितलं का त्यानं?"

आणि जयसिंगला रोज सांगावं लागे.

एकदा तो सोनबाच्या दारी आला. "दुसरा हात घे," म्हणाला, "पण तुझ्या आईला आवर."

सोनबानं त्याच्याकडे पाहिलं. आत जाऊन आईचे जोडे आणले, ओसरीवर बसलेल्या तिच्या पायांपुढं ठेवले.

"चल आई," तो म्हणाला, "उशीर झाला. मी सोडतो तुला ओट्यापर्यंत."