टेलरबाईंना वाचून दाखवलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. दोन फळ्या, चार चाके आणि ढकलायला एक वाकवलेली नळी, एवढाच माझा जीव. ज्या वेल्डरने मला घडवले तो घाईत होता, म्हणून माझे एक चाक जन्मापासूनच तिरके राहिले. दवाखान्यात आले तेव्हा माझ्या फळ्यांवर कापूस, पट्ट्या, सुया आणि औषधाच्या बाटल्या असत. मी येताना दिसले की माणसे तोंड फिरवत. माझ्यामागून सुई येते हे सगळ्यांना ठाऊक होते.

पुढे न गंजणाऱ्या नव्या गाड्या आल्या आणि मला भंगारात काढायचे ठरले. तेव्हा डायलिसिस वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी मला मागून घेतले. ज्यांची मूत्रपिंडे काम करेनाशी होतात त्यांचे रक्त या वॉर्डात यंत्रातून गाळून पुन्हा अंगात सोडतात. एक दिवसाआड यायचे, चार तास पडून राहायचे, नळ्या लावलेला हात हलवायचा नाही. इथे कोणी बरे होण्यासाठी येत नसे. पुढच्या खेपेपर्यंत टिकण्यासाठी येत. ते चार तास लोक छताकडे बघत काढतात हे सिस्टरना बघवेना. त्यांनी मला हिरवा रंग दिला, घरातल्या कादंबऱ्या आणून माझ्यावर मांडल्या आणि मला खाटांमधून फिरवू लागल्या. मग मात्र मी दिसले की माना वळत, हात पुढे येत. मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते.

खिडकीकडच्या खाटेवर टेलरबाई असत. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर. दोघांना सगळा वॉर्ड याच नावांनी ओळखे, आणि ती दोघेही एकमेकांना तशीच हाक मारत. एकच कादंबरी आळीपाळीने वाचायची आणि मग तिच्यावरून भांडायचे, हा त्यांचा नेम होता.

टेलरबाई एका बैठकीला एकच प्रकरण वाचत. वेळ उरला तरी पुढचे पान उघडत नसत. खूण म्हणून कापडाची चिंधी घालून पुस्तक पोटावर ठेवत आणि वाचलेले मनात घोळवत पडून राहत. कंडक्टरची तऱ्हा वेगळी. ते मधूनच कुठून तरी सुरुवात करत, दर पानानंतर स्टॉप आल्यासारखी मान वर करत, आणि झाडे, डोंगर, आभाळ यांचे वर्णन आले की सरळ पान उलटत.

एका गाजलेल्या कादंबरीबद्दल टेलरबाईंचे मत होते की लेखकाने बाई कधी पाहिलेलीच नाही. नायिका सारखी खिडकीत उभी असते, मग हिची भांडी कोण घासते? कंडक्टरना त्याच कादंबरीतला दुष्ट सावकार पटला नव्हता, कारण तो एका प्रकरणात सुधारला. बसमधले फुकटे मी जन्मभर पाहिलेत, असे ते म्हणाले, एकही इतक्या लवकर सुधारला नाही. असे वाद चालले की पलीकडच्या खाटांवरचे लोकही कान देत. चार तास कसे गेले ते कळत नसे.

टेलरबाईंना आणायला आणि न्यायला त्यांचा मुलगा येई. तो छापखान्यात मशीन चालवी, बोटांना सदा शाई. आईला आपली किडनी द्यायची असे त्याने ठरवले होते. तपासण्या झाल्या होत्या आणि त्या जुळल्याही होत्या. टेलरबाई हे फारशा बोलून दाखवत नसत. पण एकदा एक जाडजूड कादंबरी हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या की ही मी ऑपरेशननंतर घरी वाचीन, इथे कशाला वजन उचला.

मग त्यांचे डोळे गेले. रक्तातल्या साखरेने आधी मूत्रपिंडे घेतली होती, आता ती डोळ्यांत उतरली. एके दिवशी त्या पुस्तक जवळ धरत, लांब धरत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "अक्षरांवर काळे दोरे पडलेत. उसवताही येत नाहीत." थोड्याच दिवसांत दुसऱ्या डोळ्याचेही तेच झाले. त्यांना उजेड कळे, माणसाची आकृती कळे, ओळ कळत नसे.  पुढच्या खेपेला कंडक्टरनी आपली खाट सिस्टरना जवळ सरकवायला लावली, माझ्यावरून एक कादंबरी उचलली आणि मोकळ्या हाताने धरून मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता.

ती कादंबरी काचेच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईची होती. तिची छाती खराब होते. तिला डोंगरावरच्या इस्पितळात नेण्याचे वचन भाऊ देतो, आणि ती त्याची वाट पाहत असते. टेलरबाईंना हे पुस्तक आवडत होते, कारण या बाईच्या हाताला काम होते, आणि ते काम कसे करतात हे लेखकाला माहीत होते.

ते वाचन अर्ध्यावर आले असतानाच एक दिवस मी दाराजवळ उभी होते. टेलरबाईंच्या मुलाने सिस्टरना तिथे गाठले. तो माझी नळी धरून बोलत होता. मुले लहान आहेत, घरात मिळवता मी एकटाच, बायको रडते, मलाही रात्री झोप लागत नाही, असे तो थांबत थांबत सांगत राहिला. शेवटी म्हणाला, "माझ्यानं नाही होणार, सिस्टर. आईला सांगा, तपासणी जुळली नाही." सिस्टर म्हणाल्या की मी खोटे सांगणार नाही. विचारल्याशिवाय काही बोलणारही नाही, पण सांगायचे तर तुलाच सांगावे लागेल. मुलाने मान हलवली आणि तो निघून गेला. त्याने आईला काहीच सांगितले नाही.

कंडक्टर त्या वेळी वजनकाट्यावर उभे होते. काटा दाराच्या मागेच होता. त्यांनी सगळे ऐकले होते.

त्या दिवशी ते वाचायला बसले. कादंबरीतला भाऊ घर विकून दुसऱ्याच गावी निघून जातो, ते प्रकरण आले होते. कंडक्टरनी मनातल्या मनात पुढच्या ओळी वाचल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग ते वाचू लागले की भाऊ गाडी घेऊन दाराशी आला, त्याने बहिणीला शाल पांघरली आणि दोघे डोंगराकडे निघाले.

टेलरबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी हात वर केला.

"कंडक्टर, हा लेखक एका वाक्यात चार वळणं घेतो. आज एकदम 'भाऊ आला, बरं वाटलं' असं कसं लिहायला लागला? आणि तुम्ही मघापासून पान उलटलेलं नाही."

कंडक्टरनी पुस्तक छातीवर उतरवले.

"मला खोटं वाचून दाखवू नका," त्या म्हणाल्या. "डोळे गेलेत. तेवढ्यानं मी लहान मूल झाले नाही. तो भाऊ आला नाही ना?"

"नाही आला," कंडक्टर म्हणाले.

टेलरबाई छताकडे तोंड करून पडून राहिल्या. यंत्र आपले फिरत होते, त्यांचे रक्त नळीतून जात-येत होते. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "आणि तुम्ही काय गाळताय? पुस्तकातलं नाही. गेले काही दिवस माझा मुलगा माझ्याशी फार गोड बोलतो. तुम्हीही फार जपून बोलता."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तरी त्या क्षणी मला तिथून सरकावेसे वाटले. कंडक्टरनी पुस्तक मिटले. जे ऐकले होते ते त्यांनी सांगितले, आहे तसे, मुलाच्या शब्दांत. तो थांबत थांबत बोलत होता हेही सांगितले. टेलरबाई रडल्या नाहीत.  मग म्हणाल्या, "वाचा पुढचं. जसं लिहिलंय तसं."

कंडक्टरनी वाचले. त्या खेपेला आणि पुढच्या काही खेपांना मिळून कादंबरी संपली. काचेच्या कारखान्यातली ती बाई शेवटी एकटीच, आपल्याच खोलीत मरते. वाचताना कंडक्टर दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाले. टेलरबाईंचे मत त्यांनी नेहमीसारखेच विचारले. त्या म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय. मरताना तिला शहाणपणाची भाषणं करायला लावली नाहीत. तिला तहान लागली, एवढंच लिहिलं."

त्याच संध्याकाळी मुलगा न्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला खाटेवर बसायला सांगितले. "तुझी किडनी मला नको," त्या म्हणाल्या. "पोरं लहान आहेत तुझी. पण तू मला स्वतः सांगायला हवं होतंस." मुलगा उठला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. टेलरबाईंनी त्याच्या दिशेने हात पुढे केला होता. त्याला तो दिसला नाही, आणि त्यांना तो किती लांब आहे हे कळले नाही.

मला वाटले होते, आता सगळे सुरळीत होईल. तसे झाले नाही. मुलगा वॉर्डात यायचा बंद झाला. ओळखीच्या रिक्षावाल्याला पाठवू लागला, आणि आला तरी फाटकापाशी थांबे. कंडक्टरनी त्याबद्दल विचारले तर टेलरबाई म्हणाल्या की त्याला माझ्याकडे बघवत नाही आणि मला तसेही दिसत नाही, आमचे बरे जमले. दोघे हसले. पण त्या दिवशी त्यांनी पुस्तक ऐकले नाही.

त्यानंतर त्या झपाट्याने उतरल्या. वाचन चालू असताना झोपून जात आणि जाग आली की कुठवर आले ते विचारत. एका खेपेला त्यांची खाट रिकामी राहिली. कंडक्टरनी सिस्टरकडे पाहिले, सिस्टरनी नकारार्थी मान हलवली आणि ते आपला हात नळ्यांसाठी पुढे करून पडून राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्या खाटेवर कोणी नवे माणूस आले.

काही दिवसांनी टेलरबाईंचा मुलगा वॉर्डात आला. आईच्या उशाखाली माझ्यावरचे एक पुस्तक सापडले होते, ते परत करायला. ते त्याने माझ्या वरच्या फळीवर ठेवले, पण गेला नाही. कंडक्टरच्या पायथ्याशी उभा राहून त्याने विचारले की आई इथे काय बोलायची. कंडक्टरनी सांगितले. खिडकीतल्या नायिकेचे सांगितले, डोळ्यांवरच्या दोऱ्यांचे सांगितले, कुठली कादंबरी आवडली, कुठली टाकून दिली, सगळे सांगितले. मुलगा एकदा हसलाही. मग त्याने विचारले, "तिनं मला माफ केलं होतं का? कधी काही म्हणाली?"

कंडक्टरना एक शब्द बोलून त्याची सुटका करता आली असती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. 

"त्यावर त्या काही बोलल्या नाहीत," ते शेवटी म्हणाले. "जे त्या बोलल्या नाहीत ते मी माझ्या पदरचं सांगणार नाही. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला होता. तेवढं मी पाहिलं. तुझी पाठ होती."

 मुलाने शाईचे बोट खाटेच्या दांडीवर घासले, पुन्हा घासले, आणि निघून गेला. त्यानंतर तो दिसला नाही. कंडक्टर आणखी काही महिने येत राहिले. शेजारच्या नव्या माणसाने एकदा त्यांना एखादे बरे पुस्तक सुचवायला सांगितले. त्यांनी सुचवले, पण स्वतः घेतले नाही. मग तेही यायचे थांबले.

पुढे वॉर्डात भिंतीवर टीव्ही लागला. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. जंतू पसरतात म्हणून माझ्यावरची पुस्तके पोत्यात भरून नेली, आणि आता माझ्या फळ्यांवर फिनेलचे डबे आणि फरशी पुसायची फडकी असतात. माझी तक्रार नाही. रंग उडाला, चाक गंजले, ते व्हायचेच होते.

पण मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, कोणाची नजर गेली असेल, तर त्यांच्या उशाशी बसा आणि त्यांना वाचून दाखवा. अवघड पान आले तर थांबा, पाणी प्या, पण ते पान गाळू नका. संपल्यावर त्यांचे मत विचारा. मग उठून जाऊ नका. ती माणसे सावकाश बोलतात, आणि कधी कधी बोलायच्या आधी नुसता हात पुढे करतात.