तीन मंडळांचा एक तंबू

सत्याहत्तर साली वरून युवक मंडळांसाठी तंबू आला. तंबू एक अन् मंडळं तीन! अन्यायाची बोंब नोको म्हणून तालुक्याच्या साहेबानं तंबूचीच वाटणी केली. कापड आमच्या एकोडीले, बांबू सानगडीले, अन् खुंट्या-दोर पार बपेऱ्याले. ह्याले समता म्हणतेत, असं भाषण बी दिलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या, काय सांगू बाप्पा!

दोन साल ते कापड आमचा अध्यक्ष चंद्रभानच्या आंगणात होतं, त्याच्यावर धान वाळे. मंग हिवाळ्यात शिबीर ठरलं, सानगडीपलीकडं जंगलातल्या तलावाच्या पाळीवर, बांधावर. पहिल्यांदाच पोरीयले बोलावलं. माझे बाबा गोमाजी, मोठे कडक. म्हणाले, "रुखमा, उघड्यावर मी पोरी ठेवत नाही. बैलबंडीनं सोडाले येतो. तंबू पक्का असन तं राहा, नाही तं वापस."

येत्या उन्हाळ्यात माझं लगन होतं. सासरी कोण शिबिराले पाठवते? मले तिथं राह्यचंच होतं.

तलावावर आख्खी दुपार भांडणात गेली. तंबूवर नाव कोणत्या मंडळाचं? सानगडीचा तुलाराम म्हणे, बांबूशिवाय तुमचं कापड मंजे चादर. बपेऱ्याचा कवडू खुंट्यांच्या पोत्यावर बसला, हात लावू देईना. शेवटी आमी चौघी पोरीयनं त्याले उठवलं अन् खुंट्या ठोकल्या. तिन्ही अध्यक्षायनं तवर भाषणं केली. विषय, शिबिरातली सुरक्षा.

बाबानं तंबूभवती चक्कर मारली, दोर ओढून पाह्यला अन् मान हलवली. माझ्या जिवात जीव आला. निघता निघता सहज बोलले, "तिकडं मोहाच्या झाडाखाली अस्वलानं वारूळ उकरलं आहे. शेकोटी इझू देऊ नोका."

झालं! चंद्रभानले एकदम घरचे पाहुणे आठवले. तुलाराम म्हणे, सरकारी सामान अस्वलानं फाडलं तं जबाबदार कोण? कवडू तं खुंट्या उपटूनच राहिला होता. दोन सालात जे एका गोष्टीवर एक झाले नाही, ते तंबू पाडाले एक झाले. पाह्यता पाह्यता तिघायच्या तीन मोटल्या तयार!

"काका, बंडी जुपा लवकर," चंद्रभान चढता चढता म्हणाला, "पोरीयलेही बसवा."

तंबू नाही, मंजे मुक्काम नाही. माझे डोळे भरून आले, अन् राग असा का एकेकाच्या टाळक्यात खुंटी हाणावी.

बाबानं चंद्रभानची मोटली खाली उतरवली अन् बैलायले चारा टाकला.

"काका, हे काय करून राहिले?"

"मी बी राहतो. पोरी बंडीखाली झोपतीन, मी शेकोटीपाशी बसतो."

"अन् आमी?"

"तुमी जा ना बाबू, पायी. सामान सरकारी आहे, सांभाळून न्या. वाट त्या मोहाखालूनच जाते."

तिघायनंही मोटल्या खाली ठेवल्या. मंग कवडूनं पोतं उघडलं. तंबू पुन्हा उभा राह्यला, नावाची गोष्ट कोणी काढली नाही.

आमी चौघी तंबूत झोपलो. तिन्ही अध्यक्ष बंडीखाली, बाबाच्या पायापाशी.