टाकांमधली सरळ नाकाची बाई

मित्रांनो, मी देवी नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पन्नासेक वर्षं एका घरात माझी देवी म्हणून पूजा झाली. रोज हळदीकुंकू, सणाला तेल, नवरात्रात फुलांची माळ. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी ते सगळं मुकाट्याने लावून घेतलं.

मी एक जुनी पिन आहे. बायका गळ्याशी किंवा पदराला लावतात तशी. लंबगोल, चांदीच्या कडेत बसवलेली आणि मधोमध एका बाईचा चेहरा, एका बाजूने दिसणारा. अशा कोरीव दागिन्याला कॅमिओ म्हणतात. माझ्यातली बाई पांढरी आहे आणि तिच्या मागची जमीन तपकिरी. हे रंग कुणी फासलेले नाहीत. ज्या मोठ्या समुद्री शंखातून मला कापलं, त्याचा वरचा थर पांढरा होता आणि आतला तपकिरी. कारागिराने पांढऱ्यात बाई तेवढी ठेवली आणि बाकीचं खरवडून टाकलं.

तो कारागीर इटलीतला. समुद्राकाठचं गाव आणि पाठीमागे धुमसणारा डोंगर. त्याने मला लाखेने एका दांडक्याच्या टोकाला चिकटवलं आणि बारीक हत्याराने कोरत बसला. केसांत त्याने द्राक्षाची पानं गुंफली. नाक मात्र कपाळापासून थेट खाली, सरळ काढलं, कारण त्या काळी तिकडे तेच देखणं समजत. पुढे फॅशन बदलली आणि कॅमिओतल्या बायकांची नाकं शेंड्याला वर वळली. मी त्याआधीची. नाकाचा तोरा म्हणतात तो माझ्याकडे थोडा आहे, आणि तो मला शोभतो असं माझं मत आहे.

तिथून मी एका मडमेच्या गळ्याशी बसून बोटीने इकडे आले. तिच्या घरातल्या बायकांकडून बायकांकडे जात शेवटी लोणावळ्याच्या एका बंगल्यात राहिले. तिथल्या शेवटच्या मडमेचं मूल अंबूबाई नावाच्या तरुण बाईने सांभाळलं होतं. अंबूबाई चाकणजवळच्या एका वाडीतली. इंग्रज गेले तेव्हा मडमेनेही सामान बांधलं. निघताना तिने मला आपल्या गळ्यावरून काढून अंबूबाईच्या मुठीत ठेवलं. दोघी रडल्या. एकीची भाषा दुसरीला धड येत नव्हती, पण त्या दिवशी कुणाचं काही अडलं नाही.

आता नऊवारी नेसून शेतात खुरपायला जाणारी बाई मला लावणार कुठे? पेटीत ठेवलं तर कुणीतरी चांदीसाठी मोडायचं. अंबूबाई हुशार. तिने मला देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत ठेवून दिलं. टाक म्हणजे चांदीच्या लहानशा पत्र्यावर उठवलेला देव. त्या रांगेत खंडोबा होता, भैरोबा होता, तुळजाभवानी होती. देवाजवळच्या वस्तूला कुणी हात लावत नाही, एवढाच तिचा हिशोब होता.

मग तिची सून आली, सारजाबाई. नवी नवरी. पहिल्याच सणाला तिला देव घासायला बसवलं. तिने टाकांबरोबर मलाही चिंच लावून खसाखसा घासलं. मित्रांनो, शंखाला आंबट अजिबात सोसत नाही. माझी कातडी सोलल्यासारखी झाली, चकाकी गेली आणि नाकाच्या शेंड्याची धार बोथट झाली. पण सारजाबाईची नजर चांगली. तिने लगेच हात थांबवला, मला धुतलं, मऊ फडक्याने टिपलं आणि खोबरेल तेल चोळलं. ह्या देवीला चिंच चालत नाही, तेल चालतं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि सगळ्यांबरोबर मलाही कुंकू लावलं. अंबूबाई दारातून बघत होती. पदर तोंडाला लावून ती हसली आणि काही बोलली नाही. पुढे ती गेली. मी कोण, हे सांगणारं माणूस तिच्याबरोबर गेलं.

वाडीभोवती कंपन्या आल्या. जिथे कांदा व्हायचा तिथून कंटेनर जाऊ लागले. घर दुमजली झालं, देव्हारा संगमरवरी झाला. मी होते तिथेच, टाकांच्या रांगेत, भवानीच्या डाव्या हाताला. सारजाबाई सासू झाली, आजी झाली. अडीअडचणीला ती भवानीशी बोलायची, पण रोजची गाऱ्हाणी मला सांगायची. मोठ्या देवीला बारीकसारीक गोष्टींसाठी कशाला त्रास द्यायचा, असं तिला वाटत असावं. तिचा नवरा गेला तेव्हा ती माझ्यापुढे बसून राहिली आणि मी काहीही करू शकले नाही. त्या वेळी मात्र आपण खरंच देवी असतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

गेल्या वर्षी तिच्या नातीचं, हर्षालीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याकडच्या वाकडचा. हर्षाली चाकणच्याच एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीचे सुटे भाग तपासायचे, तडा दिसला की बाजूला काढायचा, हे तिचं काम. लग्नाआधी देव उजळून आणायची रीत आहे. त्यासाठी सारजाबाईने आम्हाला सगळ्यांना ताटात काढलं आणि माझ्यावरचा हळदीचा थर तेलाने सोडवला. तेव्हा दिसलं की माझ्या कपाळापासून गालापर्यंत केसासारखी रेघ गेली आहे.

शेजारचे तात्याबा तिथेच होते. सारजाबाईचे चुलत दीर, भावकीत शब्दाला मान असलेले. त्यांनी चष्मा लावून मला पाहिलं आणि सांगितलं, "सारजे, देवी भंगली. भंगलेला देव घरात ठेवून लगीन लावता येत न्हाई. भामा नदीत सोडावी लागंल."

ते काही दुष्ट नव्हते. रीतच तशी आहे. भंगलेली मूर्ती नदीत विसर्जन करतात, आणि लग्नाच्या घरात तर कुणी धोका पत्करत नाही. सारजाबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने हर्षालीला म्हटलं की सोडायची तर सोडू, पण आधी सोनाराला दाखवू, सांधता आली तर बघू.

हर्षालीने टाक पिशवीत घेतले, मला रुमालात गुंडाळलं, आजीला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही चिंचवड गावठाणात दादासाहेब सोनारांच्या पेढीवर गेलो. चार पिढ्यांचे सोनार. त्यांनी टाक घेतले, मला उचललं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

हा टाकच नाही, ते म्हणाले. कड चांदीची आहे, पण चेहरा चांदीचा नाही. डांगे चौकात गाड्यांवर प्लॅस्टिकच्या असल्या पिना मिळतात, त्यातलीच असेल. खात्री करायला त्यांनी सुई तापवायला घेतली. प्लॅस्टिक असेल तर वितळेल.

माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा. शंख वितळत नाही, पण भाजल्याचा डाग कायमचा राहतो.

"काका, सुई नको," हर्षाली म्हणाली. "कंपनीत आम्ही चांगला पार्ट खराब करून तपासत नाही. आधी नुसतं बघू."

सोनार हसले आणि त्यांनी सुई बाजूला ठेवली. मग दोघांनी मिळून मला जे पाहिलं, तसं त्या कारागिरानंतर कुणी पाहिलं नव्हतं. हर्षालीने आधी मला पालथं केलं. तिच्या कामाची सवयच तशी, पुढची बाजू नटवता येते पण मागची सहसा कुणी नटवत नाही. माझी पाठ सपाट नव्हती, किंचित खोलगट होती, शंखाच्या पाठीचा बाक अजून तिच्यात होता. मग तिने मला मोबाइलच्या उजेडापुढे धरलं. उजेड माझ्यातून आरपार आला आणि बाईची सावली दिसू लागली. भिंगाखाली केसांत हत्याराच्या बारीक रेषा दिसल्या, एकीसारखी दुसरी नाही. साच्यातून काढलेल्या वस्तूवर अशा रेषा नसतात, ती म्हणाली.

आता सोनारांनाही चेव आला. चांदीकाम त्यांचं. त्यांनी माझी काडी दाखवली, कापडात टोचतात ती. ती कडेच्या बाहेर डोकावते. तिला अडकवायला नुसता वाकवलेला आकडा आहे, त्यावर फिरतं कुलूप नाही. बिजागरी हाताने गुंडाळलेल्या नळीची आहे. कुलूपवाल्या पिना पुढे आल्या, त्यांनी सांगितलं. हर्षालीने मोबाइलवर अशा दागिन्यांविषयी वाचत वाचत माझ्या सरळ नाकावर बोट ठेवलं. एका खुणेवर वय ठरत नाही, पण पाठ, काडी, बिजागरी आणि नाक सगळ्यांनी एकच साक्ष दिली. सव्वाशे वर्षांच्या वरची, कदाचित दीडशेच्या आसपासची, शंखात कोरलेली, परदेशी बाईच्या गळ्याशी लावायची पिन.

सारजाबाई स्टुलावर बसून ऐकत होती. तिला आता आठवलं की तिची सासू तरुणपणी लोणावळ्याला मडमेकडे कामाला होती. पदर तोंडाला लावून हसलेली सासूही आठवली.

"मंग इतकी वर्सं म्या पूजा कुनाची केली?" तिने विचारलं.

सोनार टाक पुसायला लागले. हर्षालीने मला पुन्हा उजेडापुढे धरून आजीला ती रेघ दाखवली. रेघ गालावर येऊन थांबली होती, आरपार गेली नव्हती.

"आज्जी, शंख कोरडा पडला की तडकतो. ही कपाटात राहिली असती तर कधीच दोन तुकडे झाले असते. पूजेचं मला कळत नाही. पण तुझ्या तेलानं ही वाचलीय."

सारजाबाईने मला हातात घेतलं. अंगठ्याने गालावरची रेघ चाचपली आणि तिला रडू आलं. मलाही आलं असतं. तिने मला देवी समजण्याची चूक केली आणि त्या चुकीनेच मला जपलं. एवढी भाग्याची चूक फार थोड्यांच्या वाट्याला येते.

सोनारांनी माझा आकडा बदलला नाही. तो माझ्या वयाचा दाखला आहे, बदलला तर दाखला जाईल, असं ते म्हणाले. पडू नये म्हणून त्यांनी एक बारीक साखळी तेवढी जोडून दिली.

घरी तात्याबांना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा चष्मा लावून मला उलटसुलट पाहिलं. रीत मोडायची त्यांची तयारी नव्हती, पण रीत नीट लावायची होती. "भंगतो तो देव सोडायचा," ते शेवटी म्हणाले. "ह्यो दागिना हाय. दागिन्याला भामा कशाला?" अशी मी देवी नाही म्हणून वाचले. पण मग टाकांच्या रांगेतही मला बसता येईना. सारजाबाईने माझी जागा पुसून घेतली आणि तिथे दुसरं काही ठेवलं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी तिने हर्षालीला समोर बसवलं. तेलाच्या बोळ्याने माझ्या केसांतलं, पानांतलं, राहिलेलं सगळं कुंकू काढलं. मग मला हर्षालीच्या पदराला खांद्यावर लावलं, आकडा अडकवला, साखळी अडकवली.

"देवी असती तर पान्यात गेली असती," ती म्हणाली. "बाई हाय म्हनून ऱ्हाईली. आता तुज्याजवळ ऱ्हाऊ दे. तिला समदं ठावं हाय, मी समदं तिलाच सांगितलंय."

मित्रांनो, मी आता वाकडला आठव्या मजल्यावर राहते, मऊ कापडात. उन्हाळ्यात हर्षाली डबीशेजारी पाण्याची वाटी ठेवते, म्हणजे मी सुकत नाही. तुमच्या घरातही एखादी वस्तू असेल, जिचं नाव कुणाला सांगता येत नाही. तिला घासण्याआधी आणि मोडण्याआधी उजेडात धरा, तिची पाठ बघा, आणि घरातलं जुनं माणूस आहे तोवर त्याला विचारून घ्या. अंबूबाईला विचारायचं राहून गेलं होतं.

सारजाबाई सणाला इकडे येते. मला डबीतून काढते, अंगठ्याला तेल घेऊन कपाळापासून गालापर्यंत हळूच चोळते आणि तिकडच्या सगळ्या बातम्या सांगते. मग सवयीने तिचं बोट कुंकवाच्या करंड्यात जातं, माझ्याकडे येतं आणि मधेच थांबतं. ती हसते, सासूसारखी, पदर तोंडाला लावून. मग हर्षालीला हाक मारून ते कुंकू तिच्या कपाळाला लावते.